मागच्या कप्प्याचं बूच

आमच्या ह्यांचा एक नियम आहे. कयाक पाण्यात जायच्या आधी तिच्यातल्या सामानाची यादी म्हणायची. मनात नाही, तोंडानं. एकानं वस्तूचं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं त्या वस्तूला हात लावून ‘हो’ म्हणायचं. सुरुवात नाकापासून, शेवट शेपटाशी. मध्येच फोन वाजला, गिऱ्हाईक आलं, की पुन्हा पहिल्यापासून. “नुसतं बघून काही होत नाही,” असं ते शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला सुनावतात. “हात लावा आणि बोला.” एकतीस वर्षं मी नाव घेतेय आणि हे ‘हो’ म्हणताहेत. बाकी संसारात माझ्या दुसऱ्या कशाला इतक्या वेळा हो म्हटलं असेल तर शपथ.

तलावाकाठी आमचं दुकान आहे. आम्ही कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायच्या, पुढेमागे सामानाचे बंद कप्पे असलेल्या अरुंद होड्या, भाड्यानं देतो, दुरुस्त करतो. वल्हवायला शिकवणं आणि लोकांना लांब बेटांकडे घेऊन जाणं हे ह्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. धुणं, वाळवणं, चिरा भरणं, झाकणांची रबरं बदलणं, हे माझं. बसणाऱ्याच्या कमरेभोवती रबरी कापड ताणून बसवतात ना, पाणी आत येऊ नये म्हणून, त्याला आम्ही घागरा म्हणतो. ते घागरे शिवते पण मीच. धंद्याचं नाव ह्यांचं आणि सुईनं बोटं माझी भोसकलेली. असो.

भांडण झालं सोमवारी. दहा जणांच्या एका गटाचा फोन आला. चार दिवसांची सहल, आणि मास्तरच हवेत. गेल्या वर्षी ह्यांचा उजवा खांदा दोनदा निखळला, दुसऱ्यांदा तर भर पाण्यात. डॉक्टरांनी काय सांगायचं ते सांगितलंय. मी फोनवर म्हणाले, “मास्तर आता लांबच्या सहली नेत नाहीत.” फोन ठेवून वळते तर हे दारात उभे.

“कुणी ठरवलं हे?”

“मी ठरवलं. तुमचा खांदा बसवायला तिथं कोण येणार?”

“मला एका शब्दानं विचारलंस?”

“विचारून तुम्ही हो म्हणाला असतात?”

ते काही बोलले नाहीत. आणि मग बोललेच नाहीत. मंगळवार नाही, बुधवार नाही. मीही काही कमी नाही, मीही तोंडाला कुलूप लावलं. चहाचा कप टेबलावर आपटायचा, भाजीचं भांडं पुढे सरकवायचं. फोन आला की रिसीव्हर त्यांच्या नाकासमोर धरायचा. साठी ओलांडलेली दोन माणसं, पोरांपेक्षा वाईट वागत होतो. गुरुवारी लेकीचा फोन आला तेव्हा आम्ही दोघं तिच्याशी आळीपाळीनं बोललो आणि तिला पत्तासुद्धा लागला नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी मांडणीवरून आपली हिरवी कयाक खाली काढली. एकट्यानं, त्याच खांद्यावर घेऊन. काउंटरवर कागद ठेवला. कुठून जाणार, कुठं मुक्काम, रविवारी संध्याकाळी पाचला परत. एक प्रत घरी, एक तलावावरच्या पोलीस चौकीवर, हाही त्यांचाच नियम. रागातसुद्धा नियम मोडला नाही. माझ्या मनात आलं, जा म्हणावं, दाखवा जगाला.

यादीला मी उभी राहिले. कितीही अबोला असला तरी यादी चुकवायची हिंमत मला झाली नाही. पण तोंड कोण उघडणार? मी बोट दाखवायचं, ते हात लावायचे आणि मान हलवायचे. पुढचा दोर. मान. पुढचं झाकण. मान. तंबू, स्टोव्ह, जेवणाचा डबा. मान, मान, मान. शेवटी मी हनुवटीनं मागे खूण केली, मागच्या कप्प्याचं बूच. त्यांनी शेपटाकडे हात नेला. हात तिथं जरा जास्तच वेळ राहिला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. आता म्हणतील, चल, जाऊ दे. पण ते तसेच दुकानात गेले, आतून कुठलासा ड्रॉवर धाडकन लावल्याचा आवाज आला. मग बाहेर येऊन कयाकच्या मागे, माझ्याकडे पाठ करून वाकले. पाठ करताय काय, म्हटलं मनात, मला पण पाठ करता येते. मी तोंड फिरवून उभी राहिले. वळून बघितलं तोवर ते धक्क्यापासून वीस हात दूर गेले होते.

शनिवारी दुपारी भाड्याच्या चार कयाक परत आल्या, त्या धुवायच्या होत्या. खिळ्यावरचा एप्रन काढून गळ्यात अडकवला, खिशात हात घातला. हाताला काहीतरी लागलं. काळं, रबरी, अंगठ्याएवढं.

बाई गं.

गुरुवारी मी हिरवी कयाक धुतली होती. धुतल्यावर मागच्या कप्प्यातलं पाणी निघून जावं म्हणून बूच काढायचं आणि कयाक नाक वर करून भिंतीला उभी करायची. काढलेलं बूच एप्रनच्या खिशात ठेवायचं. वाळली की परत लावायचं आणि कयाक मांडणीवर चढवायची. एकतीस वर्षं हे असंच, आणि विसरले तरी ह्यांचा हात सांगायचा. पण काल हातानं सांगितलं की नाही? मान हलली होती का त्या शेवटच्या वेळी? मला आठवेचना.

ते भोक एवढंसंच असतं. रिकामी कयाक असेल तर ते पाण्याच्या वरच राहतं. पण तीन दिवसांचं सामान भरलं की शेपूट खाली बसतं, आणि मागून लाट आली की घोटभर पाणी आत. पुढची लाट, पुढचा घोट. कप्प्यावर झाकण घट्ट, आत काय चाललंय ते बसणाऱ्याला दिसत नाही. फक्त कयाक जड होत जाते. शेपूट ओढल्यासारखं वाटतं. आणि हे म्हणणार, आपला खांदाच दुखतोय. ते कुणाला कबूल करायचं नाही म्हणून आणखी जोर लावणार. माझ्या डोळ्यांसमोर तेच येत राहिलं, ते दातओठ खाऊन वल्हं मारताहेत आणि दोष खांद्याला देताहेत.

ह्यांचा फोन लागला नाही. बेटांकडे लागतच नाही. मी चौकीवर फोन केला. तिथला अंमलदार ह्यांच्याच हाताखाली वल्हवायला शिकलाय, मला वहिनी म्हणतो.

“वहिनी, त्यांची परत यायची वेळ उद्या पाचची आहे. त्याच्या आधी मला शोधमोहीम काढता येत नाही.”

“बूच माझ्या हातात आहे, असं सांगतेय मी तुम्हाला! ऐकू येतंय का?”

“ऐकू येतंय. नियम सोडा, मी तसाही निघालो असतो. पण बाहेर बघा ना.”

मी बाहेर बघितलं. वारा सकाळपासून वाढला होता. तलाव पांढरा झाला होता सगळा. धक्क्याला बांधलेल्या आमच्या दोन नावा एकमेकींवर आपटत होत्या. चौकीची मोटारबोट त्या लाटांत उलटली असती. हे मलाही कळत होतं, तरी मी त्याला वाट्टेल ते बोलले. तुमची बोट काय शोभेला ठेवलीय का, म्हणाले. बिचाऱ्यानं ऐकून घेतलं.

मग मी काय केलं सांगू? चार कयाक धुतल्या. दुसरं करण्यासारखं होतं काय? वल्हवायला मला येतं, पण धक्क्यापासून पन्नास हात, आणि तेही पाणी आरशासारखं असताना. दुनियेच्या कयाक दुरुस्त करणारी बाई, आणि स्वतःच्या माणसाकडे जाता येत नाही. मी कयाक धुतल्या, बुचं काढली, बुचं परत लावली. प्रत्येक बूच लावल्यावर मोठ्यानं ‘हो’ म्हणाले. वेड लागलंय म्हणालात तरी चालेल. रात्रीचं सांगत नाही.

रविवारी सकाळी साडेदहाला चौकीवरून फोन आला.

“वहिनी, बसून घ्या आधी.”

“मी उभीच बरी. बोला.”

“हिरवी कयाक सापडली. वाऱ्यानं चौकीखालच्या लव्हाळ्यात येऊन अडकली होती. शेपूट बुडालेलं, नाक वर. मास्तर नाहीत तिच्यात.” मग घाईघाईनं म्हणाला, “म्हणजे, रिकामी आहे एवढंच. आम्ही काठावर ओढून घेतलीय, मी शेजारीच उभा आहे. वहिनी, तिच्यात काय काय होतं ते सांगा. काय आहे आणि काय नाही ते कळलं की त्यांच्यापाशी काय आहे ते कळेल.”

यादी. मी भिंतीला टेकले.

“पुढचा दोर,” मी म्हणाले.

“आहे. वहिनी, टोकाला गाठ आहे, आणि गाठीत फांदीचा तुकडा. वाळकी फांदी. मोडून आलीय.”

म्हणजे किनाऱ्याला लागले होते. उतरले होते. कयाक बांधली होती. वाळक्या फांदीला कशाला बांधलीत हो? लोकांना शिकवता ना, आधी फांदी वाकवून बघा म्हणून? एवढे दमला होतात का?

“पुढचं झाकण.”

“हो.”

“तंबू.”

“हो. आतच आहे.”

“स्टोव्ह.”

“हो.”

“जेवणाचा डबा.”

“हो.”

एकतीस वर्षं मी ज्या ‘हो’साठी थांबत आले, तो प्रत्येक ‘हो’ आता छातीत रुतत होता. हो म्हणजे कयाकमध्ये आहे. हो म्हणजे त्यांच्याजवळ नाही. तंबू नाही, आग नाही, घास नाही. मी मनात म्हणत होते, नाही म्हणा. एकदा तरी नाही म्हणा.

“तरंगायचं जॅकेट.”

“नाही. इथं नाहीये.”

“अंगावर असेल,” मी म्हणाले. “शिट्टी असते जॅकेटला. पाणी उपसायचा पंप.”

“हो.”

“सुटं वल्हं.”

“हो.”

“मागचं झाकण.”

“हो, पट्ट्यांसकट घट्ट लावलेलं आहे.”

“उघडा. आत झोपायची पिशवी असेल.”

त्याला वेळ लागला. पाणी ओतल्याचा आवाज आला, खूप पाणी.

“आहे. चिंब भिजलीय.”

“आणि कोरड्या कपड्यांची? केशरी. तोंड गुंडाळून बंद करायची.”

तिकडे तो कप्प्यात हात घालून चाचपतोय हे मला ऐकू येत होतं.

“नाही,” तो म्हणाला. “वहिनी, केशरी पिशवी नाहीये!”

मी रडायलाच लागले. झाकण लावलेलं आणि पिशवी नाही, म्हणजे त्यांनी स्वतःच्या हातानं काढून नेली. बुडत्या कयाकमधून पिशवी काढतील आणि झाकण परत लावतील, पट्ट्यांसकट, असा माणूस जगात एकच आहे. त्यांनी कोरडे कपडे घातले असतील. निदान शुक्रवारी नाहीतर शनिवारी ते जिवंत होते, कुठल्यातरी बेटावर, उपाशी, पण कोरडे.

“झालं का वहिनी? संपली यादी?”

संपली नव्हती. यादी शेपटाशी संपते.

“मागच्या कप्प्याचं बूच,” मी म्हणाले. ते माझ्या मुठीत होतं, रात्रीपासून मूठ सोडलीच नव्हती. “ते नसेल तिथं. ते माझ्याकडे आहे. माझीच चूक झाली.”

“बूच नाही,” तो म्हणाला. “पण इथं पट्टी लावलीय वहिनी. चंदेरी चिकटपट्टी. आडवी, उभी, चांगले चार थर. एका बाजूनं सुटलीय, तिथून पाणी गेलं असणार.”

“पट्टी?”

“हो. नीट पुसून, दाबून लावलेली दिसते. घाईची नाही.”

चिकटपट्टी काउंटरखालच्या ड्रॉवरमध्ये असते.

म्हणजे त्यांना कळलं होतं. हाताला भोक लागलं होतं. माझ्याकडे बघितलं ते त्यासाठी. ‘बूच कुठंय?’ एवढंच विचारायचं होतं. एप्रन खिळ्यावर होता, दहा पावलांवर. मी बोलले नसते तरी बोटानं दाखवलं असतं. पण त्यासाठी आधी त्यांना तोंड उघडावं लागलं असतं, आणि पहिला शब्द कुणी बोलायचा यावरच तर सगळं अडलं होतं. चार थर पट्टी लावली, पण एक शब्द नाही. आणि मी? त्यांचा हात तिथं थांबलेला मी बघितला होता. ‘काय झालं हो?’ असं मी तरी कुठं विचारलं?

“वहिनी, आहात ना?”

“आहे.”

“फांदी बोरीच्या जातीची वाटतेय. ती झाडं उत्तरेकडच्या सात-आठ बेटांवरच आहेत. वारा पडला की लगेच निघतो. दुपारी पडेल असं म्हणताहेत.”

“कोण म्हणतंय?”

“म्हणताहेत,” तो हळूच म्हणाला.

मी फोन ठेवला आणि धक्क्यावर गेले. लाटा फळ्यांवरून येऊन पायांवर पडत होत्या. समोर बेटं दिसतही नव्हती, नुसतं पांढरं पाणी. मी खांब धरला, आणि सहा दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

“अहो,” म्हणाले, “बूच माझ्याकडे आहे.”

वारा अजून पडला नव्हता.