दोन नळ्या आणि एक उडी

"चौदा वर्षं रक्त काढतोय, माझ्या हातून आजवर एक नळी बदललेली नाही," लॅबवाल्या जावयाने सासूबाईंना ऐकवलं आणि जेवणाच्या टेबलावरच बायकोच्या दंडाला पट्टा आवळला.

सहा वर्षं वाट बघून बायकोला दिवस गेले होते आणि घरात मांजर होतं. मांजराच्या विष्ठेतून, कच्चट मटणातून एक परजीवी पोटात जातो, डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. एरवी तो मुकाट पडून राहतो, पण गरोदरपणात नव्याने लागण झाली तर गर्भ पडायची भीती. तेव्हा रक्त तपासा, रक्तगटासकट.

मीच एकटीने का टोचून घ्यायचं, असं बायकोने विचारल्यावर पठ्ठ्याने बाही वर करून स्वतःचंही रक्त काढलं. आता नावाच्या चिठ्ठ्या चिकटवणार, तोच मांजराने टेबलावर उडी घेतली. नळ्या घरंगळल्या. त्याने दोन्ही हवेतच झेलल्या, सासूबाईंकडे ऐटीत बघितलं आणि चिठ्ठ्या चिकटवून टाकल्या.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. बायकोला लागण, तीही ताजी.

ती पोटावर हात ठेवून बसली. मग ह्याच्या अंगात आलं. मांजर शेजारणीकडे रवाना झालं. कोबी तीनदा साबणाने धुतला गेला, काकडी उकडली गेली, दाराच्या कड्यांना फिनेल लागलं. बायकोला चहा द्यायला स्वारी हातमोजे घालून आली आणि कप निसटून चहा स्वतःच्याच पायावर घेऊन बसली.

या धांदलीत त्याचा स्वतःचा रिपोर्ट कोणी उघडलाच नव्हता. सासूबाईंनी चष्मा लावून तो उघडला, दोन्ही कागद शेजारी धरले.

"जावईबापू, माझ्या लेकीचा रक्तगट बी. तो तुमच्या कागदावर कसा हो?"

त्याने दोन्ही कागद ओढून घेतले.

"म्हणजे लागण तुला झालीये?" बायकोने विचारलं.

"मलाच," तो म्हणाला. आजारी पडल्याचा इतका आनंद आजवर कुणाला झाला नसेल. अख्ख्या इमारतीला त्याने जिन्यात उभं राहून कळवलं. अभिनंदन करायचं की लांब सरकायचं, हे शेजाऱ्यांना ठरवता येईना.

सासूबाईंना मात्र कागदाशिवाय पटेना. मग बायकोचं रक्त पुन्हा काढलं गेलं, दुसऱ्या लॅबमध्ये, त्याला दाराबाहेर उभं करून. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी त्याला आत बोलावलं. बायको स्वच्छ होती. त्याची लागण आपोआप निवळेल, त्याच्यापासून तिला होणार नाही. फक्त मांजराची घाण तिने काढायची नाही, मटण नीट शिजवायचं, भाज्या धुवायच्या. साबण नको.

बायको बाहेर बाकावर बसली होती. तिला सांगायला तो धावत सुटला. दार काचेचं होतं आणि लावलेलं होतं. नाकाला तीन टाके पडले.