धाकट्याचा गुडघा

ऐंशी वर्षांचा झाला, दात गेले, नातवंडांची लग्नं झाली, तरी घरात त्याचं नाव धाकटाच. थोरला चौऱ्याऐंशीचा. त्याला सगळे दादा म्हणायचे, आणि दादाला ते आवडायचं.

ज्येष्ठांच्या जागतिक मैदानी स्पर्धेत पाच-पाच वर्षांचे गट असतात. त्यामुळे चार वर्षांचं अंतर असलेले हे दोघं भाऊ पाच वर्षांत एकदाच, तेही एकाच वर्षापुरते, एका गटात यायचे. एरवी दादा वरच्या गटात पदकं गोळा करायचा आणि फोनवर सांगायचा, "तू असतास तर मजा आली असती रे." यंदा धाकटा होता. पुढचा योग दादाच्या एकोणनव्वदीत. तोवर कोण मैदानात आणि कोण भिंतीवरच्या फोटोत, कुणी सांगावं? म्हणून धाकट्याला यंदा दादाला हरवायचं होतं. एकदा. बास.

दादाचं डोकं चालतं म्हणून बापानं दादाला शिकवलं. धाकट्याचे हात चालतात म्हणून त्याला फरशीकामाला लावलं. धाकट्याचं डोकं चालतं का, हे कुणी तपासलं नाही. जन्मभर त्यानं गुडघ्यावर बसून लोकांच्या घरात फरश्या बसवल्या. दादाच्या घरातसुद्धा. दादा खुर्चीत बसून सांगायचा, "तो कोपरा जरा वर वाटतोय."

शर्यत होती चालण्याची. धावायचं नाही, एक पाय कायम जमिनीला हवा, आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ हवा. वाकला की लाल कार्ड. तीन पंचांची तीन कार्डं झाली की मैदानाबाहेर. धाकट्यानं नियम वाचले होते. घरी पाय लांब करून त्यावर कामावरची लेव्हलही ठेवून बघितली होती. त्याची म्हातारी वाकून म्हणाली, "अगदी सरळ. बुडबुडा बरोब्बर मधे आहे." तिला मोतीबिंदू आहे, हे त्या क्षणी दोघंही विसरले.

रेषेवर चौघे उभे राहिले. दादाचे दोन्ही गुडघे दोन वर्षांपूर्वी बदललेले, पोलादी. तिसरा एक लांबच्या देशातला, त्यानं कानातलं यंत्र काढून ठेवलेलं. त्याला बंदूक ऐकूच आली नाही. बाकीचे एक फेरी मारून आले तेव्हा तो निघाला, आणि आपणच पुढे आहोत असं समजून शेवटपर्यंत लोकांना हात हलवत राहिला. चौथा दुसऱ्या फेरीत लघवीला गेला तो गेलाच.

राहिले भाऊ.

अर्ध्यावर धाकट्यानं दादाला गाठलं.

"जपून रे, पडशील," दादा म्हणाला.

"माझी पाठ बघून घे," धाकटा म्हणाला. "तुला काय, नवीनच आहे."

आणि गेला की पुढे. वळणावरच्या पंचबाईंनी वाकलेल्या पायाचं चित्र असलेली पिवळी पाटी दाखवली. धाकट्याला वाटलं, बाई आपल्याला चेव आणतायत. त्यानं मान डोलावून आभार मानले आणि वेग वाढवला. म्हातारी वर बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होती. तिला नवरा धूसर दिसत होता, पण पुढे दिसत होता. शेजारी वहिनी गप्प होत्या, आणि त्यांना गप्प बसलेलं म्हातारीनं साठ वर्षांत पहिल्यांदाच अनुभवलं.

शेवटच्या फेरीला मुख्य पंच आडवे आले. हातात लाल पाटी.

"बाहेर या, आजोबा. तीन कार्डं झाली. गुडघा वाकतोय."

"मी वाकवत नाहीये. तो आहेच तसा."

"नियमात मुद्दाम आणि बिनमुद्दाम असं नसतं."

मागून दादा आला, टक् टक्, कर्कटक चालवल्यासारखा, आणि न बघता पुढे गेला.

धाकट्यानं दाद मागितली. डॉक्टरांनी त्याला टेबलावर झोपवून गुडघा दाबला, पुन्हा दाबला, शेवटी अंगाचा भार टाकून दाबला. "हा आता सरळ व्हायचा नाही," ते म्हणाले. "गुडघ्यावर बसायचं काम होतं का?"

"होतं."

"तरीच."

"दादाचा गुडघा तर त्याचा स्वतःचासुद्धा नाही," धाकटा म्हणाला.

"पण सरळ आहे," पंचबाई म्हणाल्या. दादाचं चालणं इतकं नियमात होतं, की त्यांनी नव्या पंचांना ते नमुना म्हणून दाखवलं होतं.

बक्षिसाच्या वेळी दादा पायरीवर चढायला निघाला तर बुटाची नाडी सुटलेली. पोलादी गुडघे सरळ होते ते होतेच, पुरते वाकत मात्र नव्हते.

"धाकट्या, एवढी नाडी बांध रे. मला खाली बसता येत नाही."

"भावजींना काय, सवय आहे," वहिनी म्हणाल्या. त्यांना वाचा परत आली होती.

माणसं थांबली होती, पदक घेऊन पाहुणे थांबले होते. धाकटा खाली बसला. नाडी बांधली. तेवढ्यात फोटोवाल्यानं आपलं काम केलं.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत म्हातारीनं फोन पुढे केला. "बघा हो, आपल्या घरच्या ग्रुपवर काहीतरी आलंय. मला नीट दिसत नाही."

फोटोत दादा ताठ उभा, नजर आभाळात. पायाशी धाकटा. खाली वहिनींनी लिहिलं होतं, 'विजयानंतर भावजींना राहवलं नाही, त्यांनी थोरल्या भावाचे पायच धरले.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. त्यात एक जोडी धाकट्याच्या मुलाची.

"नाडी बांधत होतात ना?" म्हातारी म्हणाली. "मग लिहा की तसं."

धाकट्याची बोटं जाड. एका अक्षरावर ठेवली की तीन उठायची. तो 'नाडी' लिहीपर्यंत एका पुतणीनं विचारलं, 'धाकटे काकापण शर्यतीत होते का?'

दादाचं उत्तर लगेच आलं.

"काय म्हणतायत दादा?" म्हातारीनं विचारलं.

धाकट्यानं वाचून दाखवलं. "नाही गं, माझ्या सोबतीला आला होता."