बाळंतिणीचं कापड ऑफिसला जातं

मी एक जुनं कापड आहे. मित्रांनो, जुनं म्हणालात तर मला राग येत नाही. पण 'किती छान जपून ठेवलंय हो' असं कुणी म्हणालं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. का, ते सांगतो.

एका गिरणीत माझ्या पांढऱ्या अंगावर निळे शंख छापले, खळ दिली आणि मला बाजारात धाडलं. समुद्राकाठच्या सेकोंडी गावातल्या एफुआबाईंनी मला उचललं, उजेडात धरलं, काठ दातांत धरून ओढून पाहिला आणि दुकानदारणीशी मनसोक्त भांडून विकत घेतलं. त्यांच्या सुनेला, अराबाला, पहिलं मूल झालं होतं. आमच्याकडे बाळंतीण कितीतरी दिवस पांढरं नेसते. मग रस्त्यात कुणाला काही विचारावं लागत नाही. पांढरं दिसलं की लोक आपणहून अभिनंदन करतात.

बाळाला सात दिवस घरात ठेवतात आणि आठव्या दिवशी पहाटे पहिल्यांदा बाहेर आणून त्याचं नाव ठेवतात. त्या पहाटे मीही पहिल्यांदा उजेडात आलो. माझे तीन सारखे तुकडे केले होते. एक अराबाच्या कमरेला, एक खांद्यावर, आणि तिसऱ्याने पुढे तिने बाळाला पाठीशी बांधलं. ते माझे सुखाचे दिवस. अंगावर दूध सांडलं, लाळ गळली, त्याहून वाईटही पुष्कळ झालं, पण मी कामात होतो. दुसऱ्या मुलीच्या वेळी पुन्हा तसंच. मग तीही चालायला लागली, आणि मला धुऊन, इस्त्री करून, डांबराच्या गोळ्या घालून पत्र्याच्या ट्रंकेत झोपवलं.

"तिसऱ्याच्या वेळी लागेल," एफुआबाई म्हणाल्या. तिसऱ्याबद्दल अराबाला कुणी विचारलं नव्हतं.

ट्रंकेत अंधार असतो आणि वास असतो. बाकी काही नसतं. वर्षातून एकदा झाकण उघडायचं, कुणीतरी 'अजून नवंच आहे' म्हणायचं आणि झाकण पुन्हा बंद. ज्याने काहीच केलं नाही त्याचं असलं कौतुक मला नको होतं.

मग एकदा अराबाने झाकण उघडलं ते वेगळ्याच इराद्याने. मुलं होण्याआधी ती शेजारच्या ताकोराडीच्या बंदराजवळ एका ऑफिसात होती. जहाजातून उतरलेला माल सोडवायचा, त्याची कागदपत्रं पाहायची, हे तिचं काम. आता धाकटी बालवाडीत जाऊ लागली होती आणि दुसऱ्या एका ऑफिसने तिला शुक्रवारी भेटायला बोलावलं होतं. घरात खायला कमी होतं असं नाही. नवरा एबो होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, मासे घरी चालत येतात.

"मला ते काम येतं, एबो," ती म्हणाली. "आणि मला ते करायचंय. अजून कारण लागतं का?"

"मला नाही लागत. आईला लागेल," एबो म्हणाला.

पण घालायचं काय? जुन्या स्कर्टची चेन अर्ध्यावर येऊन जी बसली ती पुढे सरकेना. परदेशातून गाठोड्यांनी जुने कपडे येतात त्या बाजारातून तिने एक काळा कोट आणला. त्याचे खांदे कुणा दांडग्या बाईचे होते. त्यात ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा एबोने विचारलं, "आत कोण आहे?" तेवढ्यावर त्या कोटाची नोकरी संपली. आता एबो त्याने इंजिन झाकतो.

राहिलो मी. अराबाने मला काखोटीला मारलं आणि कोपऱ्यावरच्या मानसा शिंपिणीकडे नेलं.

"ताई, हे तर बाळंतिणीचं," मानसा म्हणाली. "ऑफिसात घातलंस तर लोक बारशाचं जेवण मागतील."

"शुक्रवारी ऑफिसात सगळेच छापील कापड घालतात. शिवल्यावर कोण ओळखतंय? एकाचा झगा, एकाचा स्कर्ट, एकाचा ब्लाउज. माझा आठवडा निघायला हवा."

"आणि सासूबाई?"

"त्यांच्या मापाचं नाहीये."

मानसाने कात्री चालवली. मित्रांनो, मला दुखलं नाही. खरं सांगतो, मला हसू येत होतं.

शुक्रवारी ती झगा घालून निघाली आणि शिवलेलं कोण ओळखतंय ते लगेच कळलं. शेअर टॅक्सीवाल्याने एका तरुणाला मागे ढकलून तिला पुढची जागा दिली आणि विचारलं, "मुलगा की मुलगी, मॅडम?" फाटकावरच्या रखवालदाराने टोपी काढली आणि देवाचे आभार मानले. आणि आत ब्लँकसन मॅडम, ज्यांच्या हातात ती नोकरी होती, चष्म्यावरून माझ्याकडे पाहत राहिल्या. अराबाकडे नाही, माझ्याकडे.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "हे बघा, मी स्पष्ट बोलते. जहाज लागलं की इथे अंधार पडेपर्यंत थांबावं लागतं. अंगावर पिणारं मूल घेऊन ते जमायचं नाही. वर्षभराने या." त्यांनी फाइल मिटलीसुद्धा.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामुळे तिची नोकरी जात होती. तिच्या पाठीला फुटलेला घाम मला कळत होता. पण ती उठली नाही.

"माझी धाकटी चार वर्षांची आहे, मॅडम. आज सकाळी उलटे बूट घालून शाळेत गेली. मी सांगितलं तर म्हणते, मला असेच आवडतात."

ब्लँकसन मॅडमच्या ओठाचा कोपरा हलला. "मग हे पांढरं कशाला?"

"घरात हेच चांगलं होतं." मग तिची पाठ ताठ झाली. "आणि खरं सांगू? बाळ सात दिवस आत असतं, आठव्या दिवशी आपण त्याला बाहेर आणतो. मी सात वर्षं आत होते. मला बाहेर आणायला कुणी आलं नाही, माझी मीच आले. अशा दिवशी पांढरंच घालतात ना? मी घातलं."

मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"लोक रोज विचारतील," ब्लँकसन मॅडम म्हणाल्या.

"विचारू देत. मला तोंड आहे."

"सोमवारी या. दुसरं काहीतरी घालून."

"सोमवारी याचाच स्कर्ट असेल, मॅडम. दुसरं पगार झाल्यावर."

"म्हणजे महिनाभर मी अभिनंदनच करत बसायचं," असं पुटपुटत त्यांनी फाइल पुन्हा उघडली.

रविवारी चर्चहून एफुआबाई आल्या आणि दोरीवर वाळत असलेला मी त्यांना दिसलो.

"माझ्या नातवंडांचं कापड फाडलंस?"

"शिवलं, आई."

"आणि तिसऱ्याच्या वेळी काय नेसशील?"

"तिसरं नाही, आई."

एफुआबाई जेवायला बसल्या खऱ्या, पण ताटातला मासा अर्धा टाकून उठल्या. त्यांना ओळखणाऱ्याला हे पुरेसं आहे. पण सोमवारी दुपारी नातवंडांना शाळेतून आणायला त्याच हजर. "पोरांचा काय दोष," म्हणाल्या, एबोला उद्देशून. अराबाशी बोलणं बंद.

पुढे एकदा ऑफिसातल्या खणाच्या कडीत अडकून माझा स्कर्ट टरकन फाटला. अराबाने तो खुर्चीवर टाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात एफुआबाई आणि मी, दोघंच. त्यांनी मला उचललं, उजेडात धरलं, काठ दातांत धरून ओढून पाहिला. अगदी पहिल्या दिवशीसारखा. मग सुई घेतली. डब्यात पांढरा दोरा समोर होता. त्यांनी काळा घेतला. काळा आमच्याकडे मयताला. राग कसा दिसेल असा काढायचा, ते त्यांच्याकडून शिकावं. पण टाके इतके बारीक, इतके सारखे घातले की ती जागा आजवर उसवलेली नाही.

संध्याकाळी अराबाने त्या काळ्या रेघेवरून अंगठा फिरवला. तो दोरा तिने काढला नाही. सकाळी तोच स्कर्ट घालून गेली, आणि ब्लँकसन मॅडमनी बोट दाखवून विचारलं तेव्हा म्हणाली, "सासूबाईंनी शिवलंय. आतून बघा, बाहेरून बघा, टाके सारखेच दिसतात."

मित्रांनो, माझ्यासारखी कापडं शेवटी हात जोडून म्हणतात, आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. मला ट्रंकेत ठेवाल तर याद राखा. माझ्या निळ्या शंखांवर शाई सांडू दे, बंदराची धूळ बसू दे, घामाने माझी काख विटू दे. मला घाला आणि बाहेर पडा. फाटलो तर शिवा. अगदी रागारागाने काळ्या दोऱ्याने शिवलंत तरी चालेल.