नावं पुकारणारा

आमच्या नरसीत शाळेचं स्नेहसंमेलन असो, सोसायटीची सभा असो, माइक माझ्याच हातात. लाउडस्पीकरच माझा, मग हातातून कोण काढून घेणार? सरपंच, उपसरपंच, चेअरमन, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, असा मानाचा क्रम मला झोपेतही पाठ. एकदा चुकून चेअरमनचं नाव पोलीस पाटलाच्या मागून घेतलं, तर गडी भर सभेतून उठून गेला आणि पुढचा पोळा होईपर्यंत माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून नावांच्या बाबतीत मी फार जपून असतो.

हिंगोली जिल्हा नवा झाला त्या साली तिथं एक साप्ताहिक निघालं. त्यात चौकट आली: गावाकडचे लेख पाठवा, दोनशे शब्द, एकच गोष्ट. दिवाळीपर्यंत ज्याचे लेख आवडतील त्याला दर आठवड्याला सदर, लेखाखाली पूर्ण नाव. ते सदर माझंच, असं मी वाचल्या वाचल्या ठरवून टाकलं. शब्दांचा धंदा करणारा गावात दुसरा होता कोण?

शिवहारला लिहायला मीच लावलं, हे सगळ्यात जास्त झोंबतं. त्याचं देवळाच्या रस्त्यावर नारळ-प्रसादाचं दुकान. गिऱ्हाइकानं भाव विचारला तर हा बोटं दाखवणार, इतका कमी बोलणारा. मी रोज त्याच्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसून गप्पा हाणायचो आणि तो ऐकायचा. म्हटलं, "शिवहार, तू बी लिही की. दोघं मिळून पाठवू." खरं सांगायचं तर त्याच्याशेजारी माझा लेख आणखी उठून दिसेल, असा माझा हिशेब होता.

पहिला लेख मी बकरीवर लिहिला. आमच्याकडे एक मोठे पाहुणे आले होते, तेव्हा त्यांच्यासाठी आणलेला हार मंडपामागं बकरीनं अर्धा खाल्ला. उरलेला आम्ही गाठ मारून तसाच त्यांच्या गळ्यात घातला आणि पाहुणे म्हणाले, वा, सुटसुटीत आहे. ही गोष्ट मी बाकड्यावर शंभरदा सांगितली असेल, लोक पोट धरून हसायचे. दोघांची पाकिटं आम्ही हिंगोलीच्या बसच्या कंडक्टरकडे दिली. तो ती स्टँडवरच्या साप्ताहिकाच्या पेटीत टाकायचा.

अंक आला. बकरी छापून आली होती. पण खाली नाव शिवहारचं.

पहिलं वाक्य होतं, 'त्या दिवशी पाहुण्यांचा हार बकरीनं खाल्ला.' बस. पाहुणे कोण, अध्यक्ष कोण, काही नाही. माझी गोष्ट, माझी बकरी, आणि शाबासकी याला. मी घरी येऊन अंक आपटला. माझी बायको मनकर्णा तूर निवडत बसली होती.

"चोर हाय तो," मी म्हणालो. "माझं बोलणं उचललं त्यानं."

"मंग तुमी बी तेच लिव्हलं व्हतं न्हाई का?"

"लिव्हलं व्हतं की."

"मंग तुमचं काहून न्हाई छापलं?"

याचं उत्तर शोधायला मी हिंगोलीला जाऊन थेट संपादकांसमोर उभा राहिलो. माणूस सज्जन होता. त्यानं माझा लेख काढला आणि हसू दाबत म्हणाला, "गडदे, सगळे मान्यवर स्टेजवर बसेपर्यंतच तुमचे दोनशे शब्द संपले. बकरी आलीच नाही." मी म्हणालो, पण नाव गाळलं तर माणसं रुसतात. तो म्हणाला, "लेखात फक्त बकरी रुसते."

आठवडाभर मी नावं गाळायचा प्रयत्न केला. लिहायला बसलो की चेअरमन डोळ्यांपुढं उठून उभा राहायचा. एक नाव लिहिलं की दुसरं आपोआप यायचं आणि तिसऱ्याशिवाय दुसऱ्याचा अपमान व्हायचा. तिकडे शिवहारचा दुसरा लेख आला, तिसरा आला. दोन्ही माझ्याच गप्पा. गावात लोक त्याला थांबवून बोलायला लागले. चेअरमननं तर त्याच्या दुकानासमोर बसून चहा घेतला. ज्याचं नाव मी इतकी वर्षं पहिल्या पाचात घेत आलो, त्यानं माझ्या बाकड्यावर बसून माझ्याकडे पाठ केली. माझा नुसता जळफळाट झाला.

तेव्हा मी ठरवलं, तोंड बंद. विहिरीला पाणीच नसलं तर हा काय उपसतोय, बघू. बाकड्यावर जायचो, पण गप्प. शिवहार म्हणायचा, "प्रभू, बोल ना काई." मी म्हणायचो, "तब्येत बराबर न्हाई."

गप्प बसणं मला किती जड गेलं, ते माझं मलाच माहीत. पण फळ मिळालं. एका अंकात शिवहार नव्हता, दुसऱ्यातही नव्हता. तो दुकानात कोरा कागद पुढं घेऊन बसलेला दिसायचा आणि मला आतून गुदगुल्या व्हायच्या. मनकर्णा म्हणाली, "दोस्ताचं वाईट व्हऊन राहिलं अन् तुमाला भाकर गोड लागून राहिली." मी आणखी एक भाकर मागून घेतली.

दिवाळीच्या आधीचा अंक आला. कंडक्टरनंच बसच्या खिडकीतून तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "गडदे, तुमचं आलंय." मी तिथंच रस्त्यावर उभा राहून वाचायला लागलो.

'आमच्या गावचा माइक सध्या मुका आहे,' अशी सुरुवात होती. 'मला बोलता येत नाही. मी जे लिहितो ते सगळं त्याचं ऐकलेलं. तो गप्प झाल्यापासून माझं दुकान फार शांत झालंय आणि मला ते सोसत नाही. तो सगळ्यांची नावं घेतो. कुणाचं राहिलं तर त्याला झोप लागत नाही. पण कार्यक्रम संपेपर्यंत त्याचं नाव कुणीच घेत नाही. म्हणून मी घेतो. प्रभू सोनाजी गडदे.'

जन्मात पहिल्यांदा माझं नाव छापून आलं होतं, पूर्ण, बापासकट. आणि लेखाखालचं नाव शिवहारचं होतं. त्याखाली चौकटीत संपादकांनी लिहिलं होतं की सदर शिवहारला दिलंय.

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. माझ्यावरचा लेखसुद्धा मला सुचला नव्हता.

मी दुकानात गेलो. शिवहारनं अंक बघितला आणि नारळ पुसायला घेतला. "राग आला का?"

"व्हय."

"लई?"

"लई."

त्यानं बाकड्यावरची धूळ फडक्यानं झटकली आणि समोरच्या हॉटेलाकडे बघून दोन बोटं दाखवली. दोन चहा आले. आम्ही प्यायलो. तेवढ्यात समोरून चेअरमन चालला होता, आणि त्याला बघून मला एक गोष्ट आठवली, जी मी अजून कुणालाच सांगितली नव्हती. मी ओठ घट्ट मिटून धरले. शिवहार नुसता माझ्याकडे बघत होता.

राग तसाच होता. "एकदा काय झालं, शिवहार," मी म्हणालो.