असं निघालं की

विल्फ्रेड गॅरडनी लाकडी पट्टी पुढच्या ओळीखाली सरकवली आणि तिथेच धरून ठेवली. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘कुठून निघालं? कोणी सांगितलं?’

स्वयंपाकघरातल्या टेबलावर प्रुफांचा गठ्ठा पसरला होता. पान एकशे बारा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी लिहिलेलं त्यांचं पुस्तक, सॉल्टनेस गावात शिरलेल्या समुद्राची हकिगत, आता पुन्हा छापलं जाणार होतं. पहिल्या आवृत्तीच्या वेळी असल्या शंका कुणी काढल्या नव्हत्या. या वेळी प्रकाशकाकडे रोझलिंड टेट नावाची एक तरुण संपादक होती. ती प्रत्येक ओळ वाचायची.

ती ओळ अशी होती: ‘पुढे असं निघालं की, बंधाऱ्याचा रखवालदार पास्क याने त्या संध्याकाळी धोक्याची घंटा वाजवलीच नव्हती.’

गॅरडनी ती मोठ्याने वाचली. त्यांची बायको नोरा असताना ते प्रत्येक पान तिला वाचून दाखवायचे, आणि ती विणकाम न थांबवता ऐकायची. ती जाऊन चार वर्षं झाली होती, पण वाचायची सवय गेली नव्हती. आता वाक्य भिंतीपर्यंत जायचं आणि तिथेच राहायचं.

त्यांनी रोझलिंडला फोन लावला.

“पान एकशे बारा,” ते म्हणाले. “तुमची शंका माझ्या ध्यानात येत नाही. वाक्य सरळ आहे.”

“सरळ आहे, मिस्टर गॅरड. सुंदरही आहे. पण ‘असं निघालं’ हे तुम्ही पुस्तकात सव्वीस वेळा लिहिलंय. पंचवीस ठिकाणी मागचीपुढची चार वाक्यं वाचली की कुणाला कळलं, कसं कळलं, ते समजतं. इथे समजत नाही.”

“चौकशी झाली असेल तेव्हा.”

“चौकशीचा अहवाल मी मागवून वाचला. त्यात घंटेचा उल्लेखच नाही.”

गॅरडनी पट्टी उचलून बाजूला ठेवली.

“घाई नाही,” ती म्हणाली. “दोन आठवडे आहेत. तुमच्या टिपणांत असेलच.”

टिपणं जिन्याखालच्या खोक्यात होती. गॅरड उभा जन्म साप्ताहिकाचे बातमीदार होते, आणि त्यांना घडवणाऱ्या म्हाताऱ्या संपादकाने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, बातमीत बातमीदाराचं नाक दिसता कामा नये. ‘मला कळलं’ लिहायचं नाही, ‘अमका म्हणाला’ शक्यतो टाळायचं. ‘असं दिसून आलं’, ‘प्रत्यक्षात असं घडलं’, ‘शेवटी असं निघालं’. लिहिणाऱ्याने अदबीने मागे उभं राहायचं, आणि खरं काय ते आपल्या पायांनी चालत पुढे येतं. इंग्रजी लिहिणाऱ्यांना ही रीत फार प्रिय, आणि गॅरडना त्यात गती होती. त्यांच्या वाक्यांत कुठे शिवण दिसत नसे.

तिसऱ्या वहीत ते पान सापडलं. वर ‘मिस्टर डॉबसन, खानावळ’ असं लिहिलेलं. खाली तीन शब्द: ‘पास्क. घंटा नाही.’

पुढे काही नव्हतं. पण आठवायला वहीची गरज नव्हती. त्या दिवशी खानावळीतून निघून ते पास्कच्या घरापर्यंत गेले होते. फाटकाला हात लावला होता. खिडकीतून तो माणूस दिसला होता, पाठमोरा, टेबलाचा मोडका पाय बसवत असलेला. गॅरडनी घड्याळ पाहिलं होतं. बस सुटायला सहा मिनिटं होती. ते फाटकावरूनच परतले होते. खालच्या आळीत सात माणसं बुडाली होती, आणि तो माणूस घंटेजवळ नव्हता. अशा माणसाला समोर बसवून विचारायचं तरी काय, असं त्यांनी तेव्हा स्वतःला समजावलं होतं.

पास्क वारला त्याला पंधरा वर्षं झाली होती. पण त्याची मुलगी गावातच होती. थेल्मा पास्क, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. दर गुरुवारी दुकानाच्या रांगेत दिसायची. गॅरड टोपीला हात लावायचे, ती मान हलवायची. इतकी वर्षं तेवढंच.

शनिवारी दुपारी ते तिच्याकडे गेले. ती मागच्या दारात पायरीवर बसून मटार सोलत होती. बेचाळिशीची बाई, केस घट्ट मागे बांधलेले. त्यांना पाहून ती उठली नाही.

“मिस पास्क, मी गॅरड.”

“ओळखते मी तुम्हाला.”

“पुस्तक पुन्हा छापताहेत. एक गोष्ट विचारायची होती. घंटेबद्दल.”

तिने हातातली शेंग सोलून संपवली.

“लवकर आलात,” ती म्हणाली. मग पायाने शेजारचं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. “बसा. टोपी काढून ठेवा, वारा आहे.”

गॅरड बसले. टोपी गुडघ्यावर ठेवली.

“तुमच्या वडिलांनी घंटा वाजवली होती का?”

“नाही,” थेल्मा म्हणाली. “नव्हती वाजवली.”

गॅरडच्या छातीतून इतका मोठा श्वास बाहेर पडला की त्यांनाच त्याची लाज वाटली. म्हणजे वाक्य खरं होतं. उठून, आभार मानून निघता आलं असतं. बहुधा तिने तो श्वास ऐकला. तिने मटाराचं भांडं बाजूला ठेवलं.

“पण ते निघालं नव्हतं, मिस्टर गॅरड. त्यांनी सांगितलं होतं.”

“कुणाला?”

“सगळ्यांना. पाणी मंगळवारी आलं. रविवारी चॅपेल उघडलं, जमिनीवर अजून चिखल होता. प्रार्थना झाली आणि वडील उभे राहिले. कुणी काही विचारलं नव्हतं. सगळ्यांना वाटत होतं, वाऱ्यात घंटा ऐकू आली नसेल. ते म्हणाले, मी वाजवली नाही. पाणी चढताना पाहिलं आणि मी आधी घरी पळालो. बायकोला आणि मुलीला माळ्यावर चढवलं. परत गेलो तर पाणी छातीपर्यंत, आणि घंटेची खोली वाहून गेलेली. एवढंच बोलले आणि बसले.”

बोलताना तिचे हात मांडीवर स्थिर होते.

“मग?”

“मग काही नाही. बराच वेळ कुणी हललं नाही. शेवटी मिस्टर लन उठले. त्यांची बायको आणि तान्हं बाळ गेलं होतं खालच्या आळीत. ते दारापर्यंत गेले, दार उघडलं, आणि वडील बाहेर पडेपर्यंत धरून ठेवलं. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी ते आमच्याकडे डॉमिनो खेळायला आले. त्याच्या पुढच्याही. पाच वर्षं येत होते.”

“पाच वर्षं,” गॅरड म्हणाले. पुरानंतर पाच वर्षांनी त्यांचं पुस्तक आलं होतं.

“हो.”

“माझ्यामुळे थांबले ते?”

थेल्माने जरा विचार केला. घाईने होय म्हणणं तिला जमत नसावं.

“ते भांडून थांबले नाहीत. मंगळवार चुकायला लागले, इतकंच. पण पुस्तक आल्यावर लोक म्हणायला लागले, पास्कने लपवलं होतं, नंतर उघडकीला आलं. आणि हे कोण, तर त्या रविवारी चॅपेलमध्ये बसलेले लोक. पुढच्या बाकावरचे. मुद्दाम नाही हो बोलायचे. माणसाने छापलेलं वाचलं की त्याला तेच आठवतं. तुमचं वाक्य छान होतं ना, लक्षात राहण्यासारखं.”

गॅरडनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली.

“त्यांनी वाचलं होतं पुस्तक?”

“लायब्ररीतून आणलं होतं. दोनदा वाचलं.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, चूक काही लिहिलेलं नाही.”

कुंपणापलीकडे कुणीतरी चादर झटकत होतं.

“मी बदलतो ते,” गॅरड म्हणाले. “त्यांनी आपणहून सांगितलं, असं लिहितो. तुम्ही तिथे होता आणि ऐकलंत, असंही लिहितो.”

“थांबा. मी नऊ वर्षांची होते. आईच्या कोटाला बिलगून बसले होते. लननी दार धरलं ते मला स्वच्छ दिसतंय. पण वडिलांचे शब्द माझ्या कानांनी ऐकले, का आईने नंतर सांगितले, ते आता मला ठरवता येत नाही. तेही लिहा.”

“त्याने वाक्य लुळं पडेल, मिस पास्क. वाचणारा म्हणेल, हिलाच खात्री नाही.”

“मग म्हणू दे. नाहीये मला.”

ती उठली. बोलणं संपलं होतं. गॅरडनी टोपी घातली. निघताना काहीतरी बोलायला हवं होतं, पण त्यांच्याजवळ जी वाक्यं होती ती सगळी ‘खेद व्हावा अशी गोष्ट आहे’ या जातीची होती, आणि त्यांत खेद नेमका कुणाला होतो ते कळत नसे. फाटकाशी पोचल्यावर ते वळले.

“मी तेव्हा तुमच्या घरापर्यंत आलो होतो,” ते म्हणाले. “दार वाजवलं नाही. बस चुकेल म्हणून.”

थेल्माने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता; दुसरंही काही नव्हतं.

“लिहून झालं की पोस्टाने पाठवा,” ती म्हणाली. “यायची गरज नाही.”

ते वाक्य लिहायला त्यांना चार दिवस लागले. ‘मी’ हा शब्द त्यांनी पुस्तकात कुठेच वापरला नव्हता. आता तो आणल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. बुधवारी सकाळी टोस्टची बशी बाजूला सारून त्यांनी शेवटचा खर्डा उतरवला: ‘पास्क याने घंटा वाजवली नव्हती. पुरानंतरच्या पहिल्या रविवारी चॅपेलमध्ये, कुणी विचारण्याआधी, त्याने हे स्वतः उभं राहून सांगितलं. हे मला त्याची मुलगी थेल्मा हिने सांगितलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि हे शब्द आपण ऐकले की आईकडून कळले याची तिला खात्री नाही. या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीत मी वेगळं लिहिलं होतं. मी त्याला विचारलं नव्हतं.’

मोठ्याने वाचताना शेवटच्या वाक्याशी ते थांबले. दुसऱ्या वेळी पुरं झालं.

रोझलिंडने फोनवर ऐकून घेतलं.

“पाच ओळी वाढतात,” ती मग म्हणाली. “मजकूर पुढच्या पानावर ढकलता येणार नाही, सगळी पानं छपाईसाठी जुळवून झालीत. त्याच पानावरच्या पाच ओळी काढाव्या लागतील. काय काढायचं ते तुम्हीच सांगा.”

पान एकशे बाराच्या शेवटी पहाटेचं वर्णन होतं. पाणी ओसरल्यावर आळीतल्या खिडक्यांवर पडलेला उजेड, आणि छपरांवर येऊन बसलेले समुद्रपक्षी. गॅरडना लोक ओळखत ते याच ओळींमुळे. दरवर्षी पुराच्या स्मरणदिनी शाळेचे मुख्याध्यापक त्या वाचून दाखवत. नोराला त्या पाठ होत्या.

“पहाट काढा,” ते म्हणाले.

“मिस्टर गॅरड, अख्ख्या पुस्तकात त्याहून चांगलं काही नाही. आणि हा बदल कळणार कुणाला? त्या वेळची माणसं राहिलीत कुठे?”

“एक बाई आहे.”

“बरं,” रोझलिंड म्हणाली. “पहाट काढते.”

टंकलेली प्रत त्यांनी थेल्माला पोस्टाने पाठवली. गुरुवारी ते दुकानात गेले. रांगेत ती दोन माणसं पुढे होती. त्यांनी टोपीला हात लावला. तिने मान हलवली, नेहमीइतकीच, आणि पिशवी उचलून निघून गेली. घरी येऊन गॅरडनी एकट्यापुरतं सूप गरम केलं. रेडिओ लावला, पण काय चाललंय तिकडे लक्ष नव्हतं.

सहाव्या दिवशी पाकीट परत आलं. आत चिठ्ठी नव्हती, फक्त त्यांचाच कागद. गॅरड उजेडासाठी खिडकीशी गेले आणि ओळीओळीवरून बोट फिरवत गेले. कुठे काही खोडलं नव्हतं. खात्री नसल्याचं वाक्य तसंच होतं. शेवटचंही. आपल्याकडून काही सुटतंय का, म्हणून त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली, आणि तेव्हा त्यांना ते दिसलं. अगदी पहिल्या शब्दाच्या, ‘पास्क’च्या आधी, समासात जेमतेम मावेल एवढ्या उभ्या, शाळकरी अक्षरात, पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: ‘मिस्टर’.

ते टेबलाशी आले आणि त्यांनी प्रुफांचा गठ्ठा ओढला. मिस्टर डॉबसन, खानावळीचे मालक. मिस्टर लन. बँकेचे मिस्टर हार्कर, जनावरांचे डॉक्टर मिस्टर सीली, नावेसह वाहून गेलेले आणि तिसऱ्या दिवशी जिवंत सापडलेले मिस्टर गूच, जे गावात दारुडे म्हणून प्रसिद्ध होते. पास्क मात्र पास्क होता. पहिल्या प्रकरणापासून, घंटेचा प्रश्न उभा राहण्याच्या कितीतरी आधीपासून, बंधाऱ्याची दारं वंगण घालून नीट ठेवणारा नुसता पास्क. असं का, ते गॅरडना कुणीही विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. रोझलिंडच्याही नजरेतून ते सुटलं होतं.

रोझलिंडला ओळी पुन्हा मोजाव्या लागणार होत्या. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं, पट्टी घेतली, आणि पहिलं पान समोर ओढलं.