पंखा बंद असू दे

उत्तरेकडच्या हिंदी मुलखात, मानसरोवर कॉलनीतल्या त्या घरात फोन वाजला की विभा हातातलं काम टाकायची. डोळ्यांच्या दवाखान्यातून असेल, या आशेनं ती धावायची आणि लगेच स्वतःचीच लाज वाटायची. तो फोन येणार म्हणजे कुणाच्या तरी घरचं माणूस गेलेलं असणार.

त्या सकाळीही ती ज्ञानदाच्या उजव्या डोळ्यात औषधाचे थेंब घालत होती. पाच वर्षांच्या पोरीच्या बुबुळावर सायीसारखा पांढरा डाग. डोळा लाल झाला तेव्हा आजीनं, म्हणजे विभाच्या सासूबाई इंदुमतींनी, मायेनं मध घातला होता. डॉक्टरकडे नेईपर्यंत डोळा चिघळला. आता कुणीतरी दान केलेलं नेत्रपटल बसवलं, तरच त्या डोळ्याला दिसणार होतं.

"मम्मी, मतलब आजपण फोन नाही?"

विभा काही बोलणार तोच बाहेर कपबशी फुटली. तिचे सासरे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले नंदकिशोरअण्णा, पेपर हातात असतानाच खुर्चीत कलंडले होते. डॉक्टर आले आणि मान हलवून गेले.

अण्णांना खाली घेतलं. तोंडात तुळशीपत्र ठेवलं. जवळच्या दुर्गापुऱ्याहून चुलतसासरे देवरामकाका आले आणि त्यांनी आल्या आल्या पंखा मोठा केला. विभानं तो बंद केला, अण्णांच्या मिटल्या पापण्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवल्या, डोक्याखाली उशी सरकवली. दवाखान्यात तासन्‌तास बसून भिंतीवरच्या या सूचना तिला पाठ झाल्या होत्या.

"एवढं उकडतंय आणि ही पंखा बंद करते! दादा गेला, लगेच बिजलीची बचत सुरू?" काका खेकसले.

"वाऱ्यानं डोळे सुकतात, काका. अण्णांचे डोळे देता येतील. पण उशीर करून चालणार नाही."

काकांनी तिच्यावर डोळे वटारले.

"पुढच्या जन्मी आंधळा यायचा का माझा भाऊ? अर्धा माणूस चितेवर ठेवू?"

विभानं नवऱ्याकडे पाहिलं. अमेयची मान खालीच होती. "माझा दादा पुण्याहून येऊ दे. मोठा मुलगा तो. तो ठरवेल."

"ते रात्री पोचतील, अमेय. तोवर काही उपयोग राहणार नाही."

"मग देवाची तशीच इच्छा," काका म्हणाले.

"आणि ज्ञानदासाठी आपण वाट बघतोय, ते कुठून येणार, काका? तेही कुणाच्या तरी दादाचंच असेल ना?"

"ते वेगळं!" म्हणत काकांनी उठून पंखा पुन्हा लावला.

भिंतीला टेकून बसलेल्या इंदुमतींना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. विभा त्यांच्यापाशी जाऊन बसली.

"आई, तुम्ही सांगा. पहिला हक्क तुमचा."

त्यांनी कोरड्या डोळ्यांनी वर पाहिलं. "ह्यांचे डोळे आपल्या ज्ञानदाला मिळतील?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं! ते विभाच्या ओठांपर्यंत आलंही.

"तसं सांगता येत नाही, आई. ज्याचा नंबर असेल, त्याला मिळतील. आपला अजून लांब आहे."

"ऐका! आपलं लेकरू तसंच, आणि भलं परक्याचं!" काका उसळले.

दाराशी ज्ञानदा उभी होती. एका डोळ्यानं आजोबा नीट दिसावेत म्हणून मान वाकडी करून बघत होती. इंदुमतींनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीचा आधार घेत त्या उठल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातानं पंखा बंद केला.

"भावजी, मध घातला तेव्हा मी कुणालाच विचारलं नाही. आज निदान मला कुणी विचारलंय. विभा, लाव फोन."

नेत्रपेढीची माणसं आली, हळुवार हातांनी काम करून गेली. काका लगोलग भावाच्या चेहऱ्यावर वाकले. पापण्या पहिल्यासारख्याच मिटलेल्या होत्या. ते मागे सरले.

आता शहरात कुठंतरी एक फोन वाजणार होता, कुणी आई धावत जाऊन तो घेणार होती. विभाच्या मुठीतला फोन गप्पच होता. सगळे घाम पुसत बसले होते. आता पंखा लावायला हरकत नव्हती, पण कुणीच उठलं नाही.