मंडळीने म्हटलेलं आमेन

रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी विल्सन उजागरे साक्ष द्यायला उभा राहिला. मिरजगावजवळच्या वस्तीवरच्या या चर्चमध्ये दुसऱ्या गीतानंतर साक्षी होतात. कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाला नोकरी लागलेली असते. सांगणारा सांगतो, मंडळी 'आमेन' म्हणते.

"कुत्रं आडवं आलं नव्हतं," विल्सन म्हणाला. "मी मोबाईल बघत हुतो. देवानं आज तोंड उघडलं माझं, त्याचे आभार."

"आमेन," मंडळी म्हणाली.

मग पेटी वाजवणाऱ्याचा हात भात्यावर तसाच राहिला.

चौदा महिन्यांपूर्वी हायवेवर विल्सनच्या टेम्पोखाली एंजेला भिंगारदिवे गेली. वय एकोणीस, नर्सिंगचं दुसरं वर्ष. पाहणारं कुणी नव्हतं. कुत्रं आडवं आलं, असं विल्सनने सांगितलं होतं आणि तेच कागदावर होतं. एंजेलाची आई स्टेला प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. ती तिसऱ्या रांगेत होती. येत्या मंगळवारी कोर्टात या खटल्यात तिची जबानी होती.

आमेन म्हणणाऱ्यांत तीही होती. तोंडातून शब्द गेला आणि मग अर्थ कळला.

उपासना संपल्यावर पाळक नोहा साळवे यांनी तिला थांबवलं. "स्टेलाबाई, हे कोर्टात न्यायची घाई करू नका. तो देवासमोर बोललाय."

"देवासमोर आणि माझ्यासमोर," स्टेला म्हणाली.

पाळकांना एक गोष्ट माहीत होती. चौदा महिने स्टेला एकही रविवार चुकली नव्हती. पण प्रभूच्या प्रार्थनेत, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर, ही क्षमेची ओळ आली की तिचे ओठ मिटत. याबद्दल ते कधी बोलले नव्हते.

सोमवारी शाळा सुटल्यावर, साडेपाचला, ती उजागऱ्यांच्या घरी गेली. विल्सनची आई रोझी दारातच उभी होती.

"आता काय ऱ्हायलंय गं? सगळ्या मंडळीनं आमेन म्हटलं. तू बी म्हटलंस. ह्या कानांनी ऐकलंय मी."

"म्हटलं, रोझीताई. ते मी मागे घेत नाही, माफ करायलाच आलेय. पण उद्या विचारलं तर जे ऐकलं ते सांगणार आहे."

"चौदा महिनं प्रार्थनेत माफीच्या ओळीला तोंड शिवून बसलीस, बघत हुते मी, आन् आता माफीचं सांगाया आलीस व्हय?"

"खरंय, शिवून बसले होते," स्टेला म्हणाली. "देवाशी भांडत होते. मला वाटायचं, माझीच श्रद्धा आटली. काल कळलं, मी एका कुत्र्याला माफ करत बसले होते. ते मला जमत नव्हतं. आता माणूस समोर आहे. हे जास्त अवघड आहे, पण हे करता तरी येईल."

विल्सन बाहेर आला. चौथीत तो तिचाच विद्यार्थी होता. "बाई, वकील म्हणतो, चर्चमधलं कोर्टात आनू नको. मला वाटलं हुतं, साक्ष दिली की हलकं वाटंल. घास उतरंना."

"मग तू सांग. माझ्या आधी सांग."

"जेलात टाकतील."

"टाकतील. मी भेटायला येईन. आणि तू नाही बोललास तर मी बोलेन. माफ करूनही बोलेन."

"ही कसली माफी!" रोझी किंचाळली.

 स्टेलाने प्रभूची प्रार्थना सुरू केली. विल्सनने मान खाली घातली. क्षमेची ओळ आली तशी ती थांबली. बाहेर एक मोटारसायकल गेली, तिचा आवाज विरला, तरी ती थांबलेलीच. मग तिने ती ओळ म्हटली. आवाज फाटला होता. विल्सन मागोमाग म्हणाला. रोझीने ती म्हटली नाही.

मंगळवारी सव्वाअकराला तालुक्याच्या कोर्टात प्रकरण पुकारलं गेलं. स्टेला पुढे होण्याआधीच विल्सन उभा राहिला.

"साहेब, मला बोलायचंय."

वकिलाने त्याची बाही ओढली आणि अशिलाशी बोलायला वेळ मागितला. न्यायाधीशांनी जेवणाच्या सुट्टीनंतरची वेळ दिली.

व्हरांड्यात वकील बोलत राहिला, रोझी रडत राहिली. स्टेला समोरच्या बाकावर होती. तिने मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते पाळलं.

पावणेतीनला पुन्हा पुकारा झाला. स्टेला आत गेली. विल्सनच्या हातात वकिलाने लिहून दिलेला कागद होता. कुत्रं आडवं आलं हे आधीचं म्हणणंच कायम, असं त्यात होतं. खाली सहीची जागा होती. शिपायाने त्याचं नाव दुसऱ्यांदा पुकारलं तेव्हा ती जागा अजून कोरीच होती.